चार दगडांच्या आतला माळ

पाचवीत असताना गुरुजींनी 'एका अभयारण्याचं नाव लिहा' असा प्रश्न दिला होता, आणि मी बिनधास्त लिहिलं, 'म्हाळूआप्पांचा माळ'. गुरुजींनी लाल पेनानं एवढी मोठी फुली मारली, वर वर्गात वाचूनपण दाखवलं. सगळी पोरं हसली. गुरुजी नवीन होते, त्यांना काय माहीत! पण आमच्या वस्तीवरच्या पोरांना तर माहीत होतं ना? तीपण हसली. मी रडत घरी आले आणि संध्याकाळी आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं. पुस्तकात आला असता तर बघाय मान्सं आली असती. बघाय आल्याली मान्सं लई घाण करत्यात."

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे परवा कारेगावला आमच्या कंपनीत एक चिंकारा हरीण शिरलं. अहो खरंच! कुठून आलं कुणाला माहीत. पार्किंगमध्ये सैरावैरा पळतंय, सिक्युरिटीवाले काठ्या घेऊन मागं, आणि बाकीचे मोबाइल काढून शूटिंग करतायत. लाइनवरचा एक बिहारी मुलगा तेवढा ओरडत होता, "अरे गेट खोल दो, जाने दो उसको!" गेट कुणी उघडलं नाही. ते रिसेप्शनच्या काचेवर आपटलं आणि मान मोडून मेलं. मग सगळे जेवायला गेले. मीपण गेले. डबा उघडला आणि म्हाळूआप्पा आठवले, आणि ते आठवले की मला थांबता येत नाही, म्हणून हे भराभर टाइप करतेय. चुका असतील, चालवून घ्या.

शिरूर-दौंड रस्त्याला आमची वस्ती, आणि वस्तीच्या मागं तो माळ. नऊ एकर. नुसता खडक, कुसळी गवत, थोड्या बाभळी, थोडे हिवर, आणि मधोमध बिरोबा. बिरोबा म्हणजे शेंदूर लावलेला धोंडा, वर छप्परसुद्धा नाही. माळाच्या चार कोपऱ्यांना चार दगड, कमरेएवढे, चुन्यानं पांढरे केलेले. नियम एकच. दगडाच्या आत जो कुणी आहे त्याला हात लावायचा नाही. माणूस असू दे, लांडगा असू दे, नाग असू दे, नाहीतर चोर. आत आहे तोवर नाही म्हणजे नाही. आप्पांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण होती. ते धनगर. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. आप्पांनी फिरणं सोडलं, कडेला दोन एकर ज्वारी धरली, वीसेक मेंढरं ठेवली आणि माळ राखला. आपल्या हयातीत आतल्या कुणाला हात लागला नाही, याचा त्यांना एवढा गर्व होता ना, दुसऱ्या कशाचाच नव्हता.

आता तुम्हाला वाटेल की म्हातारा दयाळू असणार. बिलकुल नाही! माझ्या आयुष्यात मी इतका कोरडा माणूस पाहिला नाही. उंच, काटकुळा, कानातून केस बाहेर आलेले. सदानकदा पालथ्या घमेल्यावर बसलेला. आवाज कधी चढायचा नाही. कुणी थारा मागायला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "नाव सांगू नगंस. नाव कळलं आन् कुणी इचारलं तर सांगावं लागंल. मला खोटं बोलता येत न्हाई." दुसरं वाक्य, "हीर दगडाच्या भाईर हाय." म्हणजे पाण्याचं तुमचं तुम्ही बघा. भाकरी तर विचारूच नका. माझी आई म्हणायची, "आप्पा, आसरा द्यायचा आन् उपाशी ठेवायचं, हे कसलं वो तुमचं?" तर म्हणायचे, "तुला द्यायची तर दे. मी न्हाई आडवत. माझ्याकडं हात लावू न देन्याचं काम हाय, जेवू घालन्याचं न्हाई."

त्यांच्याकडं माळाच्या जुन्या गोष्टी खूप होत्या. मला हावरटासारख्या ऐकायच्या असायच्या. पण सगळ्या गोष्टी एकाच पद्धतीनं संपायच्या.

"गोरा सायब घोड्यावरनं काळवीट हाकत आला. माझ्या पणज्यानं दगडापाशी लगाम धरला. सायबानं चाबकानं पणज्याचं तोंड फोडलं. पर आत न्हाई आला."

"मग काळवीट वाचलं?"

"दुसऱ्या दिशी मेलं. लई पळालं व्हतं. छाती फुटली."

किंवा प्लेगची. "गावानं पंधरा घरं भाईर काढली. ती समदी आत येऊन ऱ्हायली. गावातली पोरं दगडं घेऊन आल्ती, त्यास्नी परत धाडलं."

"वाचली ना ती माणसं?"

"कुणी हात न्हाई लावला त्यास्नी."

"पण वाचली का आप्पा?"

"तीन."

गांधीहत्येनंतर गावातली घरं जळाली त्या साली कुलकर्ण्यांची बायकापोरं आत येऊन बसली होती म्हणे, अंगावरच्या कपड्यानिशी. चौथ्या दिवशी पहाटे उठून चालत गेली आणि परत कधी आली नाहीत. "कुठं गेली?" विचारलं तर आप्पा म्हणायचे, "भाईर." त्यांच्यासाठी जगाचे दोनच भाग होते. आत, आणि भाईर. भाईर काय होतं याची त्यांना चौकशीसुद्धा नसायची.

मी अकरावीला होते तेव्हा एक लांडगीण माळावर व्याली. हिवराखाली बीळ होतं, त्यात चार पिल्लं. तिनं पहिली दोन कोकरं नेली ती आप्पांचीच. त्यांनी उरलेली कोकरं घरात बांधली. मग बाजीरावतात्यांची शेळी गेली. तात्या म्हणजे माळाला लागून बागायत असलेले, सोसायटीचे चेअरमन, ऊस, ट्रॅक्टर, जीप, सगळं असलेले. ते दहा जण घेऊन आले, धूर करायला गोवऱ्या, मिरच्या, सगळं सामान घेऊन.

"आप्पा, बाजूला व्हा. लांडग्याला कसला आलाय थारा!"

"तात्या, उद्या तुमच्यामागं कुणी लागलं तर तुमास्नीबी हितंच यावं लागंल. तवा मी लांडग्याला इचारू का, तात्याला घेऊ का म्हणून?"

सगळे खो खो हसले, तात्यासुद्धा. आणि परत गेले. पण चार दिवसांनी त्यांनी उसाच्या कडेला औषध घातलेलं मटण टाकलं. लांडगीण तिथंच मेली. तिला रस्त्याकडेच्या बाभळीला टांगली आणि खाली उभं राहून फोटो काढले. ऊस भाईर. त्यामुळं आप्पा तिकडं बघायलासुद्धा गेले नाहीत.

आणि पिल्लं बिळात ओरडायला लागली. दिवसभर. अहो, तो आवाज कुत्र्याच्या पिल्लासारखाच असतो, अगदी तसाच! दुसऱ्या दिवशी मी तांब्याभर दूध घेऊन निघाले, तर आप्पा वाटेत काठी आडवी धरून उभे.

"कुनीकडं?"

"आप्पा, मरतील ती."

"मरू दे. थारा दिलाय, दूध न्हाई दिलं."

"आईला द्यायची तर दे म्हणता, आणि मला अडवता?"

"ती मान्सं व्हती. ह्यांस्नी तू दूध पाजलंस तर मान्साला भ्यायाची न्हाईत. मोठी झाली का शेपटी हालवत तात्याच्या दारात जातील. तिथं दगडानं मारतील. आत मरत्यात ती बरी."

मी तांब्या घेऊन परत आले. काय करणार! तीन दिवस ओरडली. चौथ्या दिवशी सकाळी आवाज नव्हता. आप्पांनी कुदळीनं बीळ बुजवलं, हात धुतले, आणि त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला पाझर फुटला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "दाढ दुखत व्हती." आणि खरंच दुखत होती. गाल सुजला होता.

मग ते जोडपं! ते तर सांगायलाच पाहिजे. मुलगा रांजणगावला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता, मुलगी वरच्या अंगाच्या एका मोठ्या बागायतदाराची. पळून आली आणि थेट माळावर. मागोमाग जीपमधून तिचे तीन भाऊ. पण तेपण याच मुलखातले, त्यांना दगड माहीत. थांबले. मग काय, जोडपं आत बिरोबापाशी बसलेलं, भाऊ बाहेर बांधावर बसलेले, आणि आप्पा दोघांच्या मधून मेंढरं चारतायत. तीन दिवस! माझी आई आत भाकरी-पिठलं पाठवायची. भावांनी बांधावर तीन दगड मांडून मटण रटरटायला ठेवलं. वास पार माळभर. थोरला भाऊ आप्पांना म्हणतो, "आप्पा, या की, रस्सा झालाय झक्कास." आप्पा म्हणाले, "मेंढरू कुणाचं हाय?" "इकत आणलंय वो, चोरलं न्हाई!" मग आप्पा गेले आणि पोटभर जेवले. आतून ती दोघं बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मुलगा उठला. मुलीला काहीतरी बोलला. मग दोन्ही हात वर करून दगडाकडं चालायला लागला आणि लांबूनच भावांना ओरडून सांगतोय, "मला उद्या फर्स्ट शिफ्ट हाय हो! दांडी पडली तर ब्रेक देऊन घरी बसवतील!" भावांनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. हसून हसून एक जण तर खालीच बसला. मुलगा रस्त्याला लागला. मुलगी ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिली, मग उठली, केस बांधले, आणि जाऊन जीपमध्ये बसली. आप्पा हसलेले मी तेवढे एकदाच पाहिले. म्हणाले, "बघितलंस? कुणाला हात न्हाई लागला."

"आप्पा, घरी नेऊन मारतील तिला."

"भाईर," आप्पा म्हणाले, आणि मेंढरं वळवायला गेले.

मी त्यांचा राग राग करायचे. आणि तरी रोज जायचे. कारण कसं होतं, त्या सगळ्या भागात, जिथं प्रत्येकजण प्रत्येकाशी संबंध बघून बोलतो, तिथं हा एकच माणूस होता ज्याचं बोलणं कुणासाठी बदलायचं नाही. चेअरमनसाठी नाही, लांडग्यासाठी नाही. मला ते फार भारी वाटायचं. तेव्हा.

आता सरदारचं सांगते.

सरदार पारधी होता, तिशीतला, आणि त्याची बायको बिजली, आणि दोन पोरी. त्यांची पालं माळाच्या कडेला असायची. सरदारचा बाप, आजा, सगळे कधी ना कधी पळत येऊन आत बसलेले होते, कारण पंचक्रोशीत कुठंही काही चोरीला गेलं की पहिलं पारध्याच्या पालावर जायचं ही आमच्याकडची रीतच. फास लावून तित्तर धरण्यात सरदारचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण दगडाच्या आत त्यानं कधी फास लावला नाही. तित्तर पायाजवळून जायचे. तो म्हणायचा, "ह्येबी पळून आल्यालं, मीबी पळून आल्यालो. आता ह्येला काय धरू?" आप्पांशी चेष्टा करायची हिंमत असलेला तो एकटाच. "आप्पा, तुमी मेल्यावर कुटं जाणार, आत का भाईर?" असं तोंडावर विचारायचा. आप्पा फक्त तंबाखूची डबी पुढं करायचे. दुसऱ्या कुणाला त्यांनी ती कधी दिली नाही.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर सरदारचं कुटुंब दौंडकडं गेलं, ऊसतोडीच्या मागं काहीतरी काम मिळालं म्हणून. आणि इकडं बाजीरावतात्यांनी मोजणी आणली. एमआयडीसीमुळं रस्त्यालगतच्या जमिनीला भाव आला होता, तात्यांना गोडाऊनला जागा हवी होती. मोजणीवाला आला, टेबल मांडलं, साखळी ओढली, आणि निघालं असं, की खालच्या कोपऱ्याची चाळीस पावलांची पट्टी कागदावर तात्यांच्या गटात. म्हणजे जुनी मोठी बाभळ, जिच्याखाली तिथला दगड होता, तीपण तात्यांची. सगळी वस्ती म्हणाली, हे खोटंय, तात्यांनी करून घेतलंय. मोजणीवालासुद्धा हळूच म्हणाला, "बाबा, हरकत घ्या. परत मोजणी लागेल."

आप्पांनी विचारलं, "कागदावर हाय का?"

"कागदावर आहे."

"मंग हाय."

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चिडले. "आप्पा, वेड लागलंय का? देवाची जागा सोडता?"

आप्पा म्हणाले, "आजवर समद्यास्नी मी रेघ दावली. आता रेघ माझ्याच आंगावर आली तर न्हाई म्हणू व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दगड पहारीनं उकरला, लोळवत, ढकलत चाळीस पावलं आत आणला, पुरला, आणि चुना लावला. एकट्यानं. सत्तरीच्या पुढचा माणूस! मी म्हटलं, "आप्पा, सगळ्यांना सांगायला पाहिजे." तर म्हणाले, "ज्याला थारा पायजे तो दगड बघंल."

त्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणाल तर ही. कारण पळणारा माणूस दगड बघत नाही हो. त्याच्या पायांना ठाऊक असतं कुठवर पळायचं ते.

मार्चमध्ये सरदार परत आला. आला त्याच दिवशी सकाळी तात्यांच्या विहिरीवरची मोटर गायब झाल्याचं कळलं होतं. दुपारी तात्यांचा मुलगा विकास आणि आणखी आठ जण त्याच्या मागं लागले. मी आमच्या गच्चीवर पापड वाळत घालत होते, मला सगळं दिसत होतं. सरदार ज्वारीच्या कापलेल्या रानातून पळत आला, धसकटं पायात घुसत होती, बाभळ ओलांडली, आणि चार पावलं पुढं जाऊन मटकन खाली बसला. हसत होता! हसत हसत वळून त्यानं त्या नऊ जणांकडं बघितलं. आणि ते नऊ जणपण बाभळीपाशी थांबले. सवयीनं. लहानपणापासून तिथंच थांबायची सवय. एकानं तर चप्पलसुद्धा काढली.

आप्पा वर, नव्या दगडापाशी उभे होते. सरदार लांबूनच ओरडला, "आप्पा, डबी घेऊन या वो, लई दमलो!"

क्षणभर सगळं ठीक होतं. मग विकास इकडंतिकडं बघायला लागला.

"आरं, दगड कुठाय?"

बाकीचेपण बाभळीच्या बुडख्याशी शोधायला लागले.

"आप्पा!" विकासनं हाक मारली. "ह्यो आत हाय का भाईर?"

एवढंच विचारलं. आणि मी शपथेवर सांगते, आप्पा 'आत' म्हणाले असते ना, तर ते नऊच्या नऊ परत गेले असते. त्या माळावर आप्पांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांना फक्त एक शब्द खोटा बोलायचा होता, एक!

आप्पांनी सरदारकडं बघितलं. मग म्हणाले, "दगड हितं हाय."

सरदारला कळायला थोडा वेळ लागला. त्यानं मान वळवून वर पाहिलं, पांढरा दगड दिसला, आणि तो उठला. पण बसलेला माणूस आणि उभी असलेली नऊ माणसं. निम्म्या वाटेवर त्याला पाडला. मी ओरडले का? नाही ओरडले. अण्णा गोठ्याच्या दारात उभे होते, ते गेले का? नाही गेले. आप्पा दगडाला हात लावून उभे होते. एक पाऊल त्यांनी बाहेर टाकलं नाही. सरदार त्यांना हाका मारत होता, नाव घेऊन नाही, नुसतं "आप्पा, आप्पा", आणि ते बघत होते. डोळेसुद्धा मिटले नाहीत.

दमल्यावर ते लोक थांबले आणि गेले. मग आप्पा बाहेर आले. सरदारच्या काखेत हात घालून त्याला ओढत ओढत दगडाच्या आत नेला, आणि काठी घेऊन शेजारी उभे राहिले. राखण करत. आता कुणापासून? अण्णांनी टेम्पो मिळवेपर्यंत दोन तास गेले, कारण जवळ जीप फक्त तात्यांची होती. शिरूरला पोचायच्या आधीच सरदार गेला.

तिसऱ्या दिवशी मोटर आली. शिरूरला रिवाइंडिंगला टाकली होती, विकासच्याच चुलतभावानं. घरात सांगायचं राहून गेलं म्हणे.

आप्पांनी पोलिसांना नऊच्या नऊ नावं सांगितली. कुणी विचारायच्या आधी. वस्तीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं, कुणीतरी त्यांच्या मेंढरांना औषध घातलं, एका सकाळी सगळी तिथंच आडवी. आप्पांनी एकट्यानं खड्डा खणून पुरली. दीड वर्षानं पुण्याला कोर्टात तारीख लागली. बाकीचे साक्षीदार एकेक करून फिरले. आमचे अण्णापण. म्हणाले, मी मागच्या रानात पाणी धरत होतो. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी आपणहून गेले नाही. साक्ष द्यायला गेले नाही म्हणजे. आप्पांना पुण्यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून त्यांना सोबत घेऊन मात्र गेले, आणि मागच्या बाकावर बसले.

आप्पा उभे राहिले, काही न लपवता सगळं बोलले. आरोपींचा वकील गोड माणूस होता, चष्मा वगैरे, बोलायला एकदम मऊ.

"बाबा, तुम्ही उभे होता तिथून ही मंडळी किती लांब होती?"

"चाळीस पावलं. मंग वीस."

"तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे का हो?"

"हाय. उजव्या."

"तेव्हा होता?"

"व्हता."

"मग तोंडं स्पष्ट दिसली?"

मी मागं बसून मनात म्हणतेय, हो म्हणा, आप्पा, हो म्हणा, आता तरी!

"तोंडं न्हाई दिसली," आप्पा म्हणाले. "चालीवरनं वळखली."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायची गरजच नव्हती. निकालाच्या दिवशी नऊही जण सुटले. आम्ही गेलो होतो. बाहेर आवारात गुलाल, पेढे, हार. आप्पा तिथल्या एका हवालदारापुढं जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले.

"मला धरा."

"काय केलंय आजोबा तुम्ही?"

"मी दगड दावला."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमचे आहेत का? घरी घेऊन जा यांना. ऊन लागलंय."

बिजली भिंतीला टेकून उभी होती, धाकटी पोरगी कडेवर. आप्पा तिच्यापुढं गेले. मी लांब उभी राहिले, पण ऐकू येत होतं.

"बिजले, मला काय तरी बोल."

तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "तुमी त्या दिशीबी खरं बोलला. आजबी खरं बोलला."

"व्हय."

"येकदा माझ्या मालकासाठी खोटं बोलला असता, तर काय झालं असतं वो?"

आप्पांना खोटं बोलता येत नव्हतं. "काय बी झालं नसतं," ते म्हणाले.

तिनं पोरीला खाली उतरवलं, पदर सारखा केला, आणि वाकून त्यांच्या दोन्ही पायांना हात लावला. रीतसर, म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडतात तसं. "जगा आप्पा," ती म्हणाली. "शंभर वर्सं जगा. डोळं, कान, समदं नीट ऱ्हाऊ दे तुमचं." आणि पोरीला घेऊन गेटातून निघून गेली.

त्याला आता सहा वर्षं झाली. आप्पा ऐंशीच्या पुढं आहेत आणि खणखणीत आहेत. कुठल्याशा फुकटच्या शिबिरात मोतीबिंदू निघाला, आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. सर्दीसुद्धा होत नाही. चाळीस पावलांच्या पट्टीवर तात्यांचं गोडाऊन उभं आहे, माळावर चिंकारा दिसेनासा झालाय, आणि आत येऊन बसायला कुणी येत नाही. कोण येणार!

मागच्या आठवड्यात कंपनीच्या बसमधून जाताना ते रस्त्याच्या कडेनं ताठ चालताना दिसले, भर उन्हात, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर लाकडाचा भारा. आमचा ड्रायव्हर याच भागातला, चांगला मुलगा आहे, त्यानं कौतुकानं बस हळू केली आणि खिडकीतून डोकं काढून ओरडला, "वा आप्पा! शंभरी गाठताय बरं का तुम्ही!"

बसमधले सगळे हसले. आप्पांनी भारा खाली टाकला, तिथंच खडीवर उकिडवे बसले, आणि दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले. बस पुढं गेली.